मशीन बंद होतं

गाडेकर सरांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं, की मी चहा अर्धा टाकून उठते. आणि असं बोलणारे लई आहेत. वाळूजच्या कुठल्याही कारखान्यात जा, लेथवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तो छाती फुगवून सांगणार, "गाडेकर सरांच्या हाताखालचा आहे मी." मग त्यांनी कशा शिव्या दिल्या, कसा घडवलेला तुकडा, म्हणजे जॉब, भंगारात फेकला, हे सगळं हसत हसत सांगणार. मला नाही हसू येत. मीपण त्यांच्याच हाताखाली शिकले, आज टूलरूममध्ये उभी आहे ती त्यांनी शिकवलेल्या कामावरच उभी आहे, हे मी नाकारत नाही. पण म्हणून मी त्या माणसाच्या पाया पडावं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं माझ्यासमोर तोंड उघडू नये.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. अजून आमच्या गावाकडं सगळे तेच म्हणतात. मी अजिंठ्याच्या डोंगराकडची. घर मेंढपाळांचं, आबा वर्षातले अर्धे दिवस मेंढरांमागं. शिकायला म्हणून हर्सूलला मावशीकडं राहिले आणि एका खाजगी आयटीआयमध्ये टर्नरला, म्हणजे लेथच्या कामाला, नाव घातलं. आयटीआयचं नाव कशाला घेऊ? आख्ख्या वर्गात मुलगी मी एकटी.

पहिल्या दिवशी दारात एक बुटका माणूस उभा. खाकी डगला गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, डोक्याचे केस इतके बारीक की टाळू दिसावी. मिशी नाही. मशीन मिशी ओढील म्हणून ठेवत नाहीत, असं पोरं म्हणायची. हातात पत्रा कापायची कात्री. वर्कशॉपच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा हात हे महाशय धरणार, मनगट उलटंपालटं करून बघणार, आणि दोरा दिसला की कच्! देवीचा असो, दर्ग्याचा असो, बहिणीची राखी असो. दाराबाहेर खिळे ठोकलेली एक फळी होती, तिच्यावर अंगठ्या, कडी, ताईत सगळं लटकायचं. कापलेले दोरे तेलाच्या एका जुन्या डब्यात जायचे. कुणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "देव दारात थांबेल. आत फक्त मी."

माझ्या हातात आईनं निघताना बांधलेला काळा दोरा होता. मी म्हटलं, "सर, मी सोडते ना, कापू नका." तोवर कापून झालेलं. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "गाव?"

"अजिंठ्याच्या पुढं, सर."

"पोरींनी तिकडं इलेक्ट्रॉनिक्सला जायचं. इथं कशाला तडमडलीस?"

नाव कधी विचारलंच नाही. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. ए वेरूळ, ए कन्नड, ए पैठण. मी दोन वर्षं 'ए अजिंठा' होते. लेणी बघायला आल्यासारखं वाटायचं मला, जळो मेलं.

पण दोऱ्याचं मी सोडून देते. फिरत्या मशीनजवळ दोरा नको, हे कळतं मला. मी आता माझ्या हाताखालच्या पोरांना हेच सांगते. फरक एवढाच की मी त्यांना सोडायला वेळ देते.

पहिले कितीतरी महिने सरांनी आम्हाला कानशीच घासायला लावली. लोखंडाचा तळहाताएवढा तुकडा शेगड्यात, म्हणजे बाकाला ठोकलेल्या पकडीत, आवळायचा आणि सपाट होईस्तोवर घासायचा. मग सर येणार, तुकड्यावर पोलादी गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, उभा धरणार आणि खिडकीकडं करून डोळा बारीक करणार. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून जरा जरी उजेड दिसला, की तुकडा थेट भंगाराच्या पिंपात. "उजेड येतोय. घरी ने आणि खिडकी म्हणून बसव." हाताला फोड यायचे, फुटायचे, त्यावर तेल लागायचं. पोरं एकेक करून लेथवर गेली. मी बाकावरच. माझ्यापेक्षा वाकडे तुकडे घासणारे गेले, मी तिथंच.

एक दिवस माझ्या तुकड्यातून उजेड आला नाही. सरांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला. तर म्हणाले काय, "गुण्या खराब झालेला दिसतोय." कपाटातून दुसरा गुण्या काढला. त्यातूनही उजेड येईना. मग तिसरा. आता सांगा, याला काय म्हणायचं? तिसऱ्याला मात्र त्यांचा नाइलाज झाला. भिंतीकडचा सगळ्यांत जुना लेथ हातानं दाखवला आणि गेले. 'छान' हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

शेजारच्या लेथवर इरफान होता. शहागंजचा, बोलका, गाणी म्हणत काम करणारा. लेथवर लोखंड ज्या पकडीत बसवून गरगर फिरवतात तिला चक म्हणतात. ती आवळायची चावी काढायला विसरलात आणि मशीन सुरू केलंत, तर ती चावी गोळीसारखी सुटते. इरफान एकदा विसरला. मशीन सुरू व्हायच्या आधी सरांनी बघितलं. ओरडले नाहीत. ती वीतभर लोखंडी चावी सुतळीत ओवली आणि त्याच्या गळ्यात घातली. "आठ दिवस. झोपतानापण. काढलीस तर वर्कशॉप बंद."

त्याच आठवड्यात इरफानच्या चुलत भावाचं लग्न. तो विचारायला गेला. सर म्हणाले, "लग्नात मशीन नसतं का? नसू दे. सवय असली पाहिजे." पोरगा शेरवानीवर चावी घालून निकाहाला गेला हो! म्हाताऱ्या बायांना वाटलं याला काहीतरी झालंय, उतारा म्हणून गळ्यात लोखंड घातलंय. दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला सांगताना तो स्वतःच लोटपोट हसत होता. "फुफ्फी मेरेकू कोने में ले जाके पूछी, बेटा, सच बता, जिन लगा क्या तेरेकू?" आम्हीपण हसलो. पण त्याच्या मानेला सुतळीनं सोलून काढलं होतं, लालेलाल झालं होतं, आणि सर रोज तिथून जात-येत होते. एकदा तरी थांबून बघावं? नाय. हे लोक आज हसतात ना, त्यांना मी त्या मानेची आठवण करून देते.

आता एक गोष्ट मलाही आवडलेली सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची. झेंडूच्या माळा चकवर, पट्ट्यांवर, सगळीकडं. सरांना हे पटायचं नाही. पण प्रिन्सिपल हौशी. त्या वर्षी त्यांनी नारळ फोडला, गंध लावलं, आणि फोटोवाल्याला बोलावून म्हणाले, "आता मी शुभारंभाला बटण दाबतो." माळ चकवर तशीच. हिरवं बटण दाबलं, काहीच नाही. परत दाबलं. फोटोवाला कॅमेरा धरून उभा. तेव्हा मागून सरांचा आवाज, "सगळे फ्यूज माझ्या खिशात आहेत. माळा निघाल्या की मिळतील." प्रिन्सिपलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस कुणालाच भीत नाही, खोटं बोलायची याला गरज नाही. किती चुकले होते मी.

आता माझ्या वेणीचं सांगते.

केस माझे कमरेखाली. आईनं लहानपणापासून तेल लावून, जपून वाढवलेले. वर्कशॉपमध्ये वेणीचा अंबाडा घालून, त्यावर पिना खोचून, वरून टोपी घट्ट ओढायची, हा नियम मी एक दिवस मोडला नाही. त्या दुपारी माझा जॉब लवकर झाला. मी मशीन बंद केलं. नुसतं बटण नाही, भिंतीवरचा मेन स्विचपण खाली केला. चक थांबल्याचं डोळ्यांनी बघितलं. मग ब्रश घेऊन मशीनखालच्या तगारीतला लोखंडाचा कीस काढायला वाकले. वाकताना टोपी निसटली, पिना सुटल्या आणि वेणी खाली आली.

मागून कुणीतरी वेणी धरली. मला वाटलं इरफान चेष्टा करतोय. मी "ए" म्हणेपर्यंत कानामागं तो आवाज आला. रोज सकाळी दारात येतो तोच. डोकं एकदम हलकं झालं. वळून बघितलं, तर सरांच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात माझी वेणी. त्यांनी ती हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली. म्हणाले, "उद्यापासून ही कटकट नाही."

मी म्हटलं, "सर, मशीन बंद होतं."

ते गेले. मी मोठ्यानं ओरडले, "मशीन बंद होतं सर!" बाकीची मशीनं चालू होती, त्या आवाजात कुणी ऐकलं, कुणी नाही. इरफाननं ऐकलं होतं आणि बघितलंही होतं.

मी तशीच प्रिन्सिपलकडं गेले. त्यांनी सरांना बोलावलं. आणि गाडेकर सर, ज्यांनी याच प्रिन्सिपलच्या तोंडावर फ्यूज माझ्या खिशात म्हणून सांगितलं होतं, ते शांतपणे म्हणाले, "मशीन चालू होतं. वेणी ओढली जात होती. नसती कापली तर पोरगी गेली असती."

मला काही क्षण कळेचना ते कुणाबद्दल बोलताहेत. मग कळलं. बंद मशीनजवळच्या पोरीचे केस कापणारा मास्तर घरी बसतो. चालू मशीनमधून पोरीला सोडवणाऱ्या मास्तरची पाठ थोपटतात. एवढाच हिशेब. प्रिन्सिपलनी इरफानला विचारलं. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "मैं नय देखा सर." बाहेर आल्यावर माझ्याजवळ रडला. "मेरेकू फेल कर देते गे वो. घर में मैं अकेला कमानेवाला होऊंगा." त्याला मी माफ केलं. तो निदान रडला तरी.

आबांना गावात कळलं. काठी आणि घोंगडं घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळीच वर्कशॉपच्या दारात हजर. लग्नाच्या वयाच्या पोरीचे केस परक्या माणसानं कापले, हे आमच्याकडं साधं नसतं. आबांचा आवाज चढला होता. "काय म्हणून हात लावला माझ्या पोरीच्या केसाला? बोला!"

मला बरं वाटलं. वाटलं, आता निघेल तोंडातून खरं.

सरांनी कपाट उघडून माझी वेणी काढली. हो, ठेवली होती त्यांनी. एका झाडूच्या लांब दांड्याला ती बांधली. आबांना हातानं मागं सरकवलं, माझ्याच लेथवर खडबडीत सळई लावली, मशीन सुरू केलं आणि दांडा लांबून धरून वेणीचं टोक त्या फिरत्या सळईवर सोडलं.

वेणी गेली. कशी गेली ते दिसलंसुद्धा नाही. दांडा सरांच्या हातातून हिसकला जाऊन मशीनवर आपटला, मोडला, आणि सळईवर माझे केस काळ्या गुंडाळीसारखे फिरत राहिले. त्यात आईनं दिलेली लाल रिबीन. सरांनी मशीन बंद केलं आणि आबांकडं बघितलं.

आबांनी काठी खाली ठेवली आणि हात जोडले. "गुरुजी, लेकराचा जीव वाचवला तुमी. माफी करा, मी लई बोललो."

"आबा, मशीन बंद होतं," मी म्हटलं. "हा माणूस खोटं बोलतोय."

"गप बस, बाई. बघितलं न्हाय का डोळ्यानं?"

डोळ्यानं बघितलं! काय बघितलं? चालू मशीन केस ओढतं हे बघितलं. ते मला माहीत नव्हतं का? सरांनी एक खरी गोष्ट दाखवून दुसरी खोटी गोष्ट गळी उतरवली, आणि त्याला माझेच केस वापरले. माझ्या बापाकडून हात जोडून घेतले. याचा राग आहे मला. केस काय, केस वाढतात.

आबा म्हणाले, "चल घरी. असलं मशीन नको आपल्याला." सर डगल्याची बटणं लावत म्हणाले, "आता कशाला नेताय? भीती केसांची होती, ती गेली." असं म्हणून ते दुसऱ्या पोराकडं वळले.

मावशीच्या घरी त्या दिवशी मी आबांशी भांडले. आबांचं एकच, मशीन नको. माझंही एकच, मी परत गेले नाही तर लोक म्हणणार चूक माझीच होती. शेवटी मी त्यांच्या झोळीतली कातर काढून पुढं ठेवली, मेंढरांची लोकर काढतात ती. म्हटलं, "वाकडंतिकडं कापलंय त्यानं. नीट करून दे, मी जाणारच." आबांनी कातर उचलून तिच्या धारेवर अंगठा फिरवला. मग उठून माझ्या मागं आले. इतक्या हलक्या हातानं आबांनी कातर चालवली की मला मानेला टोक लागलं नाही. मावशी दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेले. सरांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उशीर झालाय. झाडायचं काम कर आधी."

मी शिकले. परीक्षेत जॉब माझा वर्गात सगळ्यांत चांगला निघाला, हे परीक्षकच म्हणाले. पण कंपन्यांची माणसं मुलाखतीला आली, तेव्हा त्यांच्या कानावर आधीच गेलेलं, की हीच ती, जिची वेणी लेथमध्ये गेली होती. एक साहेब तोंडावर म्हणाले, "हात चांगला आहे गं तुझा, पण निष्काळजी माणूस आम्हाला मशीनवर चालत नाही." टर्नर मुलीला पॅकिंगवर घेतलं. तिथं मी खोके चिकटवत कितीतरी वर्षं काढली. माझ्या मागून आलेली पोरं लेथवर आणि मी खोक्यांवर. एक म्हातारे सुपरवायझर आले, त्यांनी जुन्या गोष्टी न विचारता आधी माझं काम बघितलं, तेव्हा कुठं मी टूलरूममध्ये गेले. केस मी हट्टानं परत वाढवले. आबा मात्र अजून पाहुण्यांना सांगतात, आमच्या बाईला तिच्या गुरुजीनं वाचवलं म्हणून. मी आत निघून जाते.

मला त्या माणसाकडून माफी नको होती. एकच पाहिजे होतं. चार माणसांत त्यानं म्हणावं, मशीन बंद होतं.

परवा आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह झाला. कँटीनमध्ये स्टेज घातलं, खुर्च्या मांडल्या. पाहुणे कोण, तर आयटीआयचे निवृत्त निदेशक गाडेकर सर. म्हातारे झालेत. जाड चष्मा. स्टेजवर चढताना दोघांनी धरलं. डगल्याच्या जागी सफारी, पण बटणं तशीच गळ्यापर्यंत. मी पहिल्याच रांगेत, टूलरूमच्या लोकांबरोबर.

चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. पोरं कान देऊन ऐकत होती. आणि मग सुरू झालं, "माझ्याकडं एक मुलगी होती..." मी खुर्चीच्या कडेवर पुढं सरकले. आता गोष्ट आणखी वाढली होती. मशीन चालू, वेणी अर्धी आत गेलेली, पोरगी किंचाळतेय, आणि सरांनी एका हातानं स्विच पाडला, दुसऱ्या हातानं कात्री चालवली. "आज ती मुलगी कुठंतरी संसारात सुखी असेल," ते म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, ती मुलगी मी. मशीन बंद होतं."

सगळी डोकी माझ्याकडं वळली. सेफ्टी ऑफिसर लगबगीनं म्हणाले, "मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ." मी बसले नाही. "मेन स्विच मी स्वतः पाडला होता. मी कीस झाडत होते. तुम्हाला माहीत आहे सर, तुम्ही तिथंच होता."

सरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं बघितलं. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. ओळखलं त्यांनी मला. ऑफिसर पुढं यायला लागले, तर त्यांना हातानं थांबवलं.

"बंद होतं," सर म्हणाले.

सगळ्यांनी ऐकलं. माझ्या शेजारचे, मागचे, पॅकिंगचे, सगळ्यांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते या माणसासमोर आलं याचा मला संताप आला.

मग त्यांनी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. "बंद होतं म्हणून तर कापता आली. चालू असतं, तर कापायला काय उरलं असतं?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. कडकडाट नुसता! "मग माझ्या आबांना का सांगितलं चालू होतं म्हणून?" मी ओरडले. टाळ्यांत ते कुणाच्या कानावर गेलं नसेल. सरांच्या गेलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि ते खुर्चीकडं वळले.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. सर स्टेजवरून उतरायला लागले. पायरी त्यांना नीट दिसत नव्हती, एक पाय पुढं करून चाचपडत होते. मी सगळ्यांत जवळ. ऑफिसरनी खुणावलं, "मॅडम, जरा हात द्या ना सरांना."

सर पाय तसाच अधांतरी धरून माझ्याकडं बघत थांबले. त्यांनी हात मागितला नाही. मी दोन्ही हात माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात घातले. शेवटी पॅकिंगमधला एकजण खुर्च्या सरकवत धावत आला आणि त्यांना धरून खाली घेऊन गेला. मी जागची हलले नाही.